विरोधी बाकावरची कामं

"विरोधकांचं काय, नुसती बोंबाबोंब. कामं करायची तर सत्ता हवी." आमच्याकडे चार माणसं जमली आणि राजकारणाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. बोलणारे काका वेगवेगळे असतात, वाक्य तेच. एवढ्यात तर ते जरा जास्तच ऐकू येतं, कारण निवडून आल्यावर पक्ष बदलणारा प्रत्येक माणूस "मतदारसंघाच्या विकासासाठी" सत्तेकडे गेलेला असतो. म्हणजे जो विरोधात राहिला तो विकासाच्या विरोधात, असा हिशोब आपसूक तयार होतो.

मला हा हिशोब मान्य नाही. का नाही, ते एकदा नीट मांडावं म्हणून हा प्रपंच. त्यासाठी मी एकाच बाईंचं उदाहरण घेणार आहे. आमच्या गोरेगावच्या आत्याकडे ज्यांचं नाव नुसतं "ताई" म्हणून घेतलं जायचं, त्या मृणाल गोरे. १७ जुलै २०१२ रोजी त्या गेल्या. आज पंचविशीत असलेल्या माझ्या भाचरांना त्यांचं नाव उड्डाणपुलावरच्या पाटीमुळे माहीत आहे, त्यापलीकडे फारसं नाही. त्यांच्यासाठीही हे लिहितोय.

आधी थोडी उजळणी. १९२८ चा जन्म, माहेरच्या मोहिले. मेडिकलचं शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलात आल्या, बंडू गोरे यांच्याशी लग्न झालं आणि संसार गोरेगावात थाटला. १९५८ मध्ये बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून गेल्या आणि पाण्याच्या प्रश्नावर इतक्या भांडल्या की "पाणीवाली बाई" हे नाव कायमचं चिकटलं. १९७२ मध्ये विधानसभेत, आणीबाणीत आधी भूमिगत आणि मग तुरुंगात, १९७७ मध्ये लोकसभेत. त्या निवडणुकीतली "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में" ही घोषणा आमच्या आत्याला शेवटपर्यंत पाठ होती, आणि ती म्हणताना ती हटकून हसायची. पुढे १९८५ मध्ये पुन्हा विधानसभा.

या सगळ्या यादीत मंत्रिपद कुठेच नाही, हे लक्षात आलं का? लाल दिव्याची गाडी नाही, महामंडळ नाही. उभं राजकीय आयुष्य बहुतेक समोरच्या बाकावर गेलं. मग "कामं" किती झाली? तीन सांगतो. एक घरांचं, एक आरोग्याचं, एक कष्टकऱ्यांच्या चुलीचं.

चुलीपासून सुरुवात करू, कारण ते आधी घडलं. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत. गावाकडे लोक खडी फोडायला जात होते आणि मुंबईत रेशनच्या दुकानासमोर रांगा होत्या. तेल नाही, साखर नाही, रॉकेल नाही. असेल तर काळ्या बाजारात. त्या वर्षी महागाईविरोधात बायकांची संयुक्त समिती उभी राहिली. समाजवादी मृणालताई, प्रमिला दंडवते, कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी अशा एरवी एकमेकींशी वाद घालणाऱ्या पक्षांतल्या बायका त्यात एकत्र होत्या. हातात लाटणी घेऊन मोर्चे निघाले, थाळ्या वाजल्या. आत्या त्यातल्या एका मोर्चाला गेली होती. घरात न सांगता. तिच्या सासऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लाटणं परत आणलंस ना?"

हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल, पण मला त्यातली युक्ती फार मोलाची वाटते. महागाई हा तोवर अर्थखात्याचा विषय होता. आकड्यांचा, म्हणून पुरुषांचा. लाटणं रस्त्यावर आल्यावर तो स्वयंपाकघराचा विषय झाला. आणि कामगाराच्या पगाराचं खरं मोजमाप स्वयंपाकघरातच होतं, पगारपत्रकावर नाही. गिरणीत पाच रुपये वाढवून घेतले आणि तेल सात रुपयांनी महागलं, तर युनियन जिंकली की हरली? हा प्रश्न युनियनच्या सभेत क्वचित विचारला गेला. या बायकांनी तो चौकात विचारला. विरोधी राजकारणाचं पहिलं काम मला हेच वाटतं. जे दुखणं लोक आपल्या नशिबाचं म्हणून सोसत असतात, ते सरकारच्या दारात नेऊन ठेवायचं.

आता आरोग्याकडे येऊ. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. आजारामुळे नव्हे, औषधामुळे. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन होतं. सरकारी रुग्णालयात मेलेला गरीब माणूस ही तोवर बातमी नसायची, कदाचित आजही नाही. पण विधानसभेत विरोधकांनी हे प्रकरण लावून धरलं आणि मृणालताईंचा आवाज त्यात ठळक होता. सरकारला न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. आयोगाचा अहवाल आला तो हाडं मोडणारा होता. रुग्णालयातली खरेदी, अन्न व औषध प्रशासन, मंत्र्यांचा हस्तक्षेप, कोणालाच त्यात सोडलेलं नव्हतं. १९८८ मध्ये आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पायउतार व्हावं लागलं.

चौदा माणसं परत आली नाहीत, हे खरंच. पण निकृष्ट औषध कोणत्या वाटेने रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचतं, कोण सही करतं, कोण तपासायचं टाळतं, हे पहिल्यांदा कागदावर आलं. सत्ताधारी पक्षाच्या एखाद्या सज्जन आमदाराला हे करता आलं असतं का? त्याने फार तर मंत्र्याच्या केबिनमध्ये जाऊन "साहेब, जरा बघा" म्हटलं असतं. केबिनमधल्या बोलण्याचं इतिवृत्त नसतं, सभागृहातल्या बोलण्याचं असतं. फरक एवढाच, आणि फार मोठा.

त्याच वर्षी, १९८६ मध्ये, मृणालताईंनी आणखी एक गोष्ट केली. गर्भजल परीक्षा करून मुलगी असेल तर गर्भपात करायचा, हा धंदा तेव्हा मुंबईत राजरोस चालला होता, जाहिराती देऊन. स्त्री संघटनांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली होती. मृणालताईंनी विधानसभेत त्यावर बंदीचं खासगी विधेयक आणलं. खासगी विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं विधेयक. अशी विधेयकं मंजूर होत नाहीत, हे मांडणाऱ्यालाही माहीत असतं. पण विधेयक मांडलं की सरकारला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर द्यायचं तर माहिती गोळा करावी लागते. शासनाच्या सांगण्यावरून डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यातले बेचाळीस जण ही चाचणी करत होते. पन्नासातले बेचाळीस! त्यानंतर "हे तुरळक प्रकार आहेत" असं म्हणायची सोय राहिली नाही. १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. केंद्राचा कायदा आला १९९४ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी.

मेडिकल सोडून आलेल्या या बाईंनी डॉक्टर होऊन किती बाळंतपणं केली असती कोण जाणे, पण विरोधी बाकावरून त्यांनी डॉक्टरांच्या धंद्यालाच प्रश्न विचारला.

इथे आमचे काका म्हणतील, "कायदा होऊन काय झालं?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३. २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. म्हणजे कायदा होता आणि मुली कमीच होत होत्या. सोनोग्राफीची यंत्रं तालुक्यातालुक्यात पोचली, कायदा कपाटात राहिला. २००० मध्ये 'सेहत', 'मासूम' या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयात जाऊन तो कायदा राबवा म्हणून सांगावं लागलं, तेव्हा कुठे हालचाल झाली.

पण यातून निष्कर्ष कोणता काढायचा? विरोध निरुपयोगी आहे, हा? मला उलटं दिसतं. कायदा करून घेणं हे विरोधकाचं अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं म्हणजे दर अधिवेशनात उभं राहून "किती यंत्रं तपासली, किती खटले भरले, किती जणांना शिक्षा झाली" हे विचारत राहणं. कंटाळवाणं काम. त्याला लाटणं नाही, थाळी नाही, फोटो नाही. मृणालताईंसारखी चार माणसं सभागृहातून गेली आणि हे विचारणारंच कोणी फारसं उरलं नाही. ज्या घरात रोज हिशोब विचारणारी आजी असते त्या घरात दुधाची बिलं बरोबर येतात, हे आपण सगळे जाणतो.

आता घरं. मुंबईत राहणाऱ्याला या विषयावर व्याख्यान द्यायची गरज नाही. १९७६ मध्ये नागरी कमाल जमीन धारणा कायदा आला. मुंबईत एका कुटुंबाकडे ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन नको, जास्तीची सरकार घेणार आणि गरिबांच्या घरांसाठी वापरणार, अशी कल्पना. छानच. पण त्याच कायद्यात सूट देण्याची कलमंही होती, आणि व्यवहारात कायदा लहान झाला, सूट मोठी झाली. जमिनी कागदावर अतिरिक्त ठरल्या आणि कागदावरूनच निसटल्या.

मृणालताई आणि बाबुराव सामंत यांनी यावर नुसती भाषणं केली नाहीत. आधी हेही आठवावं की बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना बिल्डरांना सिमेंटचा कोटा आणि त्या बदल्यात ट्रस्टला देणग्या असं जे प्रकरण गाजलं, त्यात हायकोर्टात जाणाऱ्यांमध्ये हे दोघे होते. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनीच निकाल दिला आणि अंतुल्यांना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे मुंबईत घर कसं बांधलं जातं, सिमेंट कुठून कुठे जातं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग त्यांनी नागरी निवारा परिषद काढली. म्हणणं साधं होतं. कायद्याने अतिरिक्त ठरलेली जमीन आम्हाला द्या, आम्ही कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी बांधतो, नफा नाही, बिल्डर नाही. सरकारशी आणि कोर्टात वर्षानुवर्षं झगडून गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या टेकडीवर जागा मिळाली आणि तिथे सहा हजारांहून जास्त घरं उभी राहिली.

माझा एक मामेभाऊ तिथे राहतो. घर लहान आहे, पण खिडकीतून आरेची झाडं दिसतात. त्याचे वडील एका छापखान्यात कंपोझिटर होते. त्या पगारात मुंबईत मालकीचं घर? शक्यच नव्हतं. तो गमतीने म्हणतो, "आमचं घर सरकारने नाही, सरकारच्या विरोधकांनी बांधलंय." काकांच्या वाक्याला याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही.

पुन्हा शंका. सहा हजार घरं म्हणजे या शहरात काय? समुद्रात थेंब. आणि तो कायदा तरी कुठे राहिला? केंद्राने १९९९ मध्ये तो रद्द केला, महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये. मृणालताई आणि सामंत यांचा त्याला विरोध होता, पण तो टिकला नाही. मान्य. तरीही त्या सहा हजार घरांनी एक गोष्ट सिद्ध करून ठेवली की जमीन मिळाली तर हे होतं. "परवडणारी घरं शक्यच नाहीत" असं कोणी म्हणालं की दिंडोशीकडे बोट दाखवता येतं. विरोधकाने "हे चुकीचं आहे" म्हणण्यात आणि "हे असं करून दाखवतो, आता तुम्ही करा" म्हणण्यात हाच फरक आहे.

आणि विरोधकांचं सरसकट कौतुक करायचा माझा मुळीच विचार नाही. दुसऱ्या जातीचा विरोधही आपण पाहिलाय. एन्रॉन आठवा. १९९५ च्या निवडणुकीआधी विरोधक म्हणून तो प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याच्या गर्जना झाल्या. सत्ता आल्यावर ऑगस्टमध्ये करार रद्द झाला आणि जानेवारी १९९६ मध्ये फेरवाटाघाटी होऊन तोच प्रकल्प परत मार्गी लागला. मृणालताई आधीच्या सरकारच्याही विरोधात होत्या आणि नंतरच्याही. त्याच निवडणुकीतलं चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरांचं आश्वासन आठवा. त्या आश्वासनाच्या शेजारी दिंडोशीची सहा हजार घरं ठेवून पाहा. आकडा लहान आहे, पण त्यात माणसं राहतात.

म्हणजे विरोधकाची कसोटी मी अशी लावतो. त्याने जे मागितलं ते सरकार बदलल्यावरही तो मागतो का? आणि त्याने मागितलेल्या गोष्टीचा हिशोब त्याच्याकडे आहे का? बाकी घोषणा कोणीही देतो.

आता आजचं. १९८५ च्या निवडणुकीत जनता पक्षाचे विधानसभेत २० आमदार होते. शरद पवार १९८६ च्या अखेरीस काँग्रेसमध्ये परतल्यावर तोच मोठा विरोधी पक्ष उरला आणि वीस आमदारांच्या जोरावर आधी निहाल अहमद आणि पुढे १९८८-८९ मध्ये मृणालताई विरोधी पक्षनेत्या झाल्या. मधल्या काळात तर तेरा आमदार निवडून आलेल्या शेतकरी कामगार पक्षाचे दत्ता पाटील त्या खुर्चीत होते. २८८ च्या सभागृहात तेरा! समोर काँग्रेसचं भक्कम बहुमत होतं, तरी खुर्ची दिली गेली. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत विरोधातल्या सर्वात मोठ्या पक्षाला, उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला, २० च जागा मिळाल्या. अगदी तोच आकडा. मार्च २०२५ मध्ये त्यांनी भास्कर जाधव यांचं नाव दिलं. दहा टक्के हवेत, म्हणजे २९ हवेत, अशी चर्चा झाली आणि २०२५ ची अधिवेशनं विधानसभेत विरोधी पक्षनेत्याविनाच पार पडली. १९७८ चा जो राज्याचा कायदा या पदाविषयी आहे त्यात सर्वात मोठा विरोधी पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता एवढंच म्हटलंय, दहा टक्क्यांचा उल्लेख नाही.

तुम्ही म्हणाल, त्या पक्षाबद्दल तुम्हाला फार प्रेम दिसतंय. नाही हो. तो पक्ष १९९५ च्या घोषणांमध्ये होताच की. प्रश्न पक्षाचा नाही, खुर्चीचा आहे. त्याच वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतला कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. कामगाराच्या संमतीने, जादा तासांचा मोबदला देऊन, वगैरे. आता कंत्राटी कामगाराची "संमती" म्हणजे काय असते, हे ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना सांगायला नको. मुकादम म्हणतो "थांबतोस ना?" आणि माणूस थांबतो. यावर सभागृहात कोणी उठून विचारावं की बारा तास काम आणि दोन-दोन तासांचा लोकलचा प्रवास, मग मुलं कोण बघणार, बाईने पाणी कधी भरायचं? मृणालताईंनी हा प्रश्न नक्की पाण्यापर्यंत आणून ठेवला असता.

आरोग्याचंही तसंच. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात चोवीस तासांत अठरा मृत्यू झाले. ऑक्टोबरमध्ये नांदेडला चोवीस तासांत चोवीस, त्यात बारा नवजात अर्भकं. दोन-चार दिवस मथळे आले. मग एका खासदाराने अधिष्ठात्यांना संडास धुवायला लावल्याचा व्हिडिओ आला आणि चर्चा त्याच्यावर गेली. बारा बाळांची नावं कोणाच्या लक्षात आहेत? १९८६ च्या चौदांसाठी एक आयोग बसला, अहवाल आला, मंत्री गेला. तेव्हाचं सरकार अधिक सज्जन होतं म्हणून नव्हे. समोरच्या बाकावरची माणसं गप्प बसत नव्हती म्हणून.

म्हणून आमच्या घरातल्या तमाम काका-मामांना माझं सांगणं एवढंच. सत्ता लागते ती कामं मंजूर करायला. पण कोणतं काम करायचं राहिलंय, हे सत्तेला आपणहून दिसत नाही. खुर्ची मऊ असली की ढेकूण चावेपर्यंत कळत नाहीत. पुढच्या वेळी मत मागायला कोणी आला आणि म्हणाला "मी सत्तेत असेन, तुमची कामं होतील", तर त्याला जरूर विचारा, "आणि सत्तेत नसलास तर काय करशील?" या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर आहे त्याला मी मत देईन. पक्ष कुठलाही असो.

असो. फार लांबलं. मामेभावाने दिंडोशीला जेवायला बोलावलंय. तुमच्यापैकी ज्यांनी ती घरं पाहिली नसतील त्यांनी एकदा जाऊन यावं. काकांनाही घेऊन जा.